उजव्या कुशीची मांजरं

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतला पत्र्याचा डबा शाबूत, त्यावर चिकटवलेली चिठ्ठीही शाबूत. डब्यातली बारा मेमरी कार्डं तेवढी गायब.

हे मला माझ्या भाचीने सांगितलं, तेही स्वयंपाकघरात उभं राहून, नाक पुसत. "मावशी, ऑफिसात सगळे म्हणताहेत, मीच घेतली."

"घेतलीस का?"

"मावशी!"

"विचारावं लागतं. बस. चहा घे आणि पहिल्यापासून सांग."

आधी माझी ओळख करून देते. चौतीस वर्षं मी संग्रहालयात मेलेल्या जनावरांच्या कातड्यात पेंढा भरला. लोक मला पेंढेबाई म्हणतात. म्हणू देत, मला काही वाटत नाही. माझ्याकडे आलेल्यांपैकी म्हातारपणाने मेलेलं जनावर मी क्वचितच पाहिलं. कुणी गाडीखाली आलेलं, कुणी फासात अडकलेलं, कुणी विष घालून मारलेलं. तेव्हापासून माझं डोकं जरा लवकर तापतं.

भाची शहराबाहेरच्या दलदलीतली रानमांजरं मोजते. घरच्या मांजरापेक्षा दुप्पट मोठं, अंगावर ठिपक्यांच्या रांगा, आणि पाण्यात सूर मारून मासा धरणारं हे जनावर. दलदलीत बारा ठिकाणी झाडांना कॅमेरे बांधलेले आहेत. मांजर समोरून गेलं की आपोआप फोटो निघतो. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यावरून मांजर ओळखायचं. दोन वर्षांत तिने मोजली एकोणीस.

आणि वनखात्याचा अहवाल छापून आला, त्यात होती अडतीस.

"अडतीस म्हणजे दुप्पट," ती म्हणाली. "आता 'संकटग्रस्त' यादीतून नाव काढून 'चिंता नाही' या रकान्यात टाकणार. नाव गेलं की दलदलीचं संरक्षण गेलं. पहारेकरी तर अहवाल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी उठवले. पुढे भराव टाकायला सुरुवात होईल."

ती भर ऑफिसात उभी राहून म्हणाली होती की आकडा खोटा आहे. साहेब म्हणाले, मूळ फोटो दाखव. कपाट उघडलं, तर डबा रिकामा. आणि त्या कपाटाच्या किल्ल्या फक्त तिघांकडे: साहेब, फोटोंचं काम बघणारा माणूस आणि माझी भाची.

"कार्डांची दुसरी प्रत?"

"ठेवायची नसते. कुठल्या झाडाजवळ मांजर येतं, हे फासे लावणाऱ्यांना कळलं तर संपलंच. म्हणून प्रत काढायला बंदी."

शुक्रवारी यादी ठरवणाऱ्या समितीची बैठक होती. तोवर कार्डं आणून दे, नाहीतर आपला आकडा खोटा ठरू नये म्हणून मीच ती नष्ट केली असं लिहून दे आणि नोकरी सोड, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं. असं लिहून दिलेल्या मुलीला पुन्हा कोण जंगलात पाऊल ठेवू देईल? म्हणजे ती गेली, आणि तिच्यामागे मांजरंही गेली.

तो दिवस मंगळवार होता.

२

"अहवाल आण," मी म्हटलं.

गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'एका यशाची गोष्ट'. माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली.

आत मांजरांचे फोटो, प्रत्येकाखाली छापलेला नंबर, तारीख, वेळ. एक ते एकोणीस भाचीने मोजलेली, सगळ्यांची डावी कूस दिसणारी. वीस ते अडतीस 'पडताळणी समितीला आढळलेली', आणि ही सगळी उजव्या कुशीची.

"यांची डावी कूस कुठल्याच फोटोत आली नाही म्हणे," भाची म्हणाली. "म्हणून ती मोजायची माझ्याकडून राहून गेली."

"एकोणीसच्या एकोणीस मांजरांची? दोन वर्षांत एकदाही नाही? सगळी काय एकाच दिशेने चालतात?"

मी कपाटातून ट्रेसिंग पेपर काढला. कातडं फाटलेलं आलं की ठिपके जुळवायला मी तोच वापरायची. सत्तावीस नंबरच्या मांजराचा एकेक ठिपका पेन्सिलीने उतरवून घेतला. मग कागद उलटा केला आणि डाव्या कुशीच्या मांजरांवर एकेक करून ठेवत गेले. आठ नंबरपाशी माझा हात थांबला.

ठिपक्यावर ठिपका बसला. पंजा पंज्यावर, शेपटीचा बाकसुद्धा जसाच्या तसा.

"हे बघ," मी म्हटलं. "चौतीस वर्षं कातडी हाताळली मी. दोन्ही कुशी हुबेहूब सारख्या असलेलं जनावर देवाने अजून घडवलेलं नाही. हा तुझाच फोटो आहे, फक्त आरशात धरल्यासारखा उलटा केलेला, आणि खाली तारीख दुसरी टाकलेली. सत्तावीस नंबरचं मांजर जगात नाहीच."

संध्याकाळपर्यंत एकोणीसच्या एकोणीस जोड्या लागल्या. भाचीचा चेहरा उजळला. "मग झालं की! हेच समितीला दाखवू."

"अगं वेडे, फोटो तुझे आणि किल्ली तुझ्याकडे. मूळ कार्डंही तुझ्याच ताब्यात होती. ते काय म्हणतील? उलटे फोटो हिनेच बनवून दिले, आम्ही बिचारे फसलो. कुणी केलं ते सापडल्याशिवाय हा कागद तुझ्याच गळ्यात पडेल."

तिने कप खाली ठेवला. पडताळणी समितीत तीनच माणसं होती: फोटोवाला, साहेब आणि भाचीचे प्राध्यापक सर.

३

पहिला होता फोटोंचं काम बघणारा माणूस. ऑफिसात त्याला सगळे 'लेन्सदादा' म्हणतात. जिन्याखालच्या खोलीत बसतो आणि कॅमेऱ्यांच्या पट्ट्या शिवतो.

"कोण तुम्ही? त्या पोरीची मावशी? मग सांगा तिला, कार्डं परत कर म्हणावं. माझं नाव उगाच खराब होतंय."

"अहवालातले फोटो तुम्ही निवडलेत?"

"मी? माझ्या फोटोखाली काळी पट्टी असते. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा नंबर. यांनी ती कापून टाकली! एवढी महत्त्वाची पट्टी कुणी शहाणा माणूस कापेल का?" त्याच्या नाकाला खरोखरच मिरच्या झोंबल्या होत्या.

"मग कुणी निवडले?"

"समितीने."

"समितीत तुम्ही आहात ना दादा?"

त्याने सुई थांबवली. "माझ्याकडे सहीसाठी कागद आला. वर साहेबांची आणि सरांची सही होती. मग मी कोण नाही म्हणणार?"

"कॅमेरे कोण बांधतं?"

"मी आणि तुमची भाची. चिखलात मांडीपर्यंत रुतून. दुसरं कोण जातंय तिकडे!"

निघताना मी विचारलं, कार्डं कुणी घेतली असतील असं वाटतं? तो आवाज खाली आणून म्हणाला, "पहारेकरी उठवायची घाई कुणाला होती, ते बघा."

४

घाई साहेबांना होती. त्यांनी ती लपवलीही नाही.

"बाई, वरून विचारणा होते, एका मांजरापायी एवढी जमीन किती वर्षं अडवून ठेवणार? अहवाल आला, मी सही केली. चुकलं काय?"

"वाचून केलीत?"

"समितीने केलेलं काम आहे ते."

"तुम्हीच समिती आहात, साहेब."

"हे बघा, तपासणी फोटोवाल्याने केली. तज्ज्ञ म्हणून सर होते. मी आपला शेवटी सही करणारा."

फोटोवाला म्हणतो साहेब, साहेब म्हणतात फोटोवाला. सही केलेले फोटो या दोघांपैकी एकानेही पाहिले नव्हते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी दळण आणलं तरी बाई पिशवीत हात घालून बघते, आणि इथे एका जनावराचं जगणं-मरणं न बघता ठरवलं होतं.

टेबलावर एक जुना कॅमेरा होता. मी तो उचलला तसे साहेब एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तो माझा पहिला. अठरा वर्षं रानात पहारा केलाय मी, बाई. ऑफिसात नंतर आलो. तुमच्या भाचीला कॅमेरा बांधायला मीच शिकवलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि तोंड कायम उत्तरेला. पूर्व-पश्चिमेला धरला तर सकाळ-संध्याकाळ ऊन भिंगात घुसतं आणि फोटो पांढराफटक येतो."

"अठरा वर्षं त्यांच्यात राहिलात आणि त्यांचेच पहारेकरी उठवलेत?"

ते खिडकीकडे बघत बसले. मला त्यांची कीवही आली नाही.

५

"सरांकडे जायची गरज नाही गं मावशी," भाची म्हणाली. "त्यांच्याकडे किल्लीच नाही. आणि ते सर आहेत."

'सर' म्हणजे या मांजरावर पहिलं पुस्तक लिहिणारे प्राध्यापक. तिने ते पुस्तक कॉलेजात वाचलं आणि डॉक्टरकीचा प्रवेश सोडून चिखलात उतरली. तिच्या आईने तेव्हा महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता, कारण पुस्तक मी आणून दिलं होतं.

तरी मी गेले. मोठी खोली, भिंतभर मानपत्रं. माणूस गोड बोलणारा. मला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"तुमची भाची माझी सगळ्यात आवडती विद्यार्थिनी. हट्टी आहे, एवढंच. तिला म्हणावं, शांतपणे माफीचं लिहून दे. वर्ष-दोन वर्षांत लोक विसरतील. मी शब्द टाकीन तिच्यासाठी."

"तुम्हाला अडतीस पटतात?"

"का नाही? तीस वर्षं खपलोय मी त्यांच्यासाठी. संकटातून बाहेर काढलेलं हे पहिलंच रानमांजर, असं पुढच्या महिन्यात परदेशातल्या परिषदेत मी जाहीर करणार आहे. लोकांना सारखी रडगाणी नको असतात, बाई. एखादी चांगली बातमीही लागते."

"दलदलीत जाता का अजून?"

"अर्धं आयुष्य तिथे गेलंय!"

"मग मला सांगा ना, कॅमेरा नेमका बांधतात कसा? मला आपलं कुतूहल."

"सोपं असतं," ते हसले. "कमरेएवढ्या उंचीवर, पाण्याकडे तोंड करून. मांजर पाण्यावरच येणार ना!"

मी चहा संपवला आणि त्यांचे आभार मानून बाहेर आले. जिना मी गुडघेदुखी विसरून उतरले.

६

"अहवाल उघड," मी घरात पाय ठेवताच म्हटलं. "उजव्या कुशीचे फोटो. त्यातले दिवसाउजेडी काढलेले किती आहेत?"

"अकरा. बाकीचे रात्रीचे, काळे-पांढरे."

"त्या अकरांच्या वेळा वाच."

"सहा पन्नास. सात पाच. सहा पंचावन्न... सगळ्या सकाळच्या आहेत."

"आता तुझे डाव्या कुशीचे सकाळचे फोटो बघ. गवताची सावली कुठे पडलीय?"

"डावीकडे. पडणारच. कॅमेरा उत्तरेला बघतो, म्हणजे पूर्व उजव्या हाताला. सकाळचं ऊन उजवीकडून येतं, मग सावली..." ती बोलता बोलता थांबली. तिने पान उलटलं, पुन्हा उलटलं. "मावशी, या अकरांत सावली उजवीकडे आहे."

"मग त्या अकरा दिवशी सूर्य पश्चिमेला उगवला होता का?"

ती अहवाल हातात धरूनच चटईवर बसली.

"फोटो उलटा केला की सावलीही उलटी होते," मी म्हटलं. "रात्रीच्या फोटोत ती भानगडच नाही, आणि रात्रीचे फोटो तुमच्याकडे शेकड्यांनी होते. ज्याने चिखलात उभं राहून, दिशा बघून एकदा जरी कॅमेरा बांधलाय, त्याने सकाळच्या फोटोला हात लावला नसता. लेन्सदादा नाही, तुझे साहेब नाहीत, तूही नाहीस. हे काम अशा माणसाचं आहे, ज्याला कॅमेऱ्याचं तोंड कुठे असतं हेच ठाऊक नाही. त्याने नुसते दिसायला छान म्हणून उन्हातले फोटो उचलले. समितीत असा एकच आहे."

"नाही," ती म्हणाली.

"किल्ली कुणाला दिली होतीस?"

"सरांकडे किल्ली नाही गं!"

"ते मला माहीत आहे. मी विचारतेय, तुझी किल्ली कुणाला दिली होतीस?"

ती चटईच्या काड्या उपसत राहिली. मग तिने फोन काढला, शोधलं आणि माझ्यासमोर धरला. अहवाल छपाईला गेला त्याच्या दोन दिवस आधीचा निरोप होता. 'किल्ली मिळाली. जुने फोटो एकदा डोळे भरून बघतो. उद्या परत करतो. – सर'

"हे तीन आठवडे तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? सर होते ते!" आणि मग ती रडली. कार्डं गेली तेव्हाही रडली नव्हती इतकी.

मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि दोन लगावून द्यायच्याही होत्या. मी जवळ घेतलं.

"शुक्रवारी हे मी बोलणार नाही," मी म्हटलं. "मला तिथे कुणी बोलू देणार नाही. आणि बोलू दिलं तरी, हे तुझं तुलाच बोलावं लागेल."

तिने डोळे पुसले आणि ट्रेसिंग पेपर गोळा केले. शुक्रवारी पहाटेच ती घराबाहेर पडली, आणि कुठे जाते ते मला सांगितलं नाही.

७

बैठकीत मला मागच्या भिंतीला लागून खुर्ची मिळाली. अध्यक्षबाई बाहेरून आलेल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, चष्मा नाकावर ओढून बघणाऱ्या. सर पहिल्या रांगेत होते. भाचीची खुर्ची रिकामी होती.

मी मनातल्या मनात तिला सगळ्या शिव्या घातल्या. पळाली, असंच वाटलं मला.

बैठक सुरू होऊन दहा मिनिटं झाली तेव्हा ती आली. बुटांना ओला चिखल होता. थेट टेबलापाशी गेली आणि अहवाल, ट्रेसिंग पेपर आणि फोन अध्यक्षबाईंसमोर ठेवले. एकही पायरी तिने गाळली नाही. ठिपके, सावल्या, किल्ली, निरोप, सगळं सांगितलं. अध्यक्षबाईंनी कागद स्वतः उलटा करून फोटोवर ठेवला. एकदा नाही, पाच जोड्यांवर.

"कार्डं कुठे आहेत?" त्यांनी सरांना विचारलं.

सर आधी हसले. "ही मुलगी दमलेली आहे. किल्ली मी घेतली होती, खरं आहे. म्हणून काय..."

साहेब मध्येच उठले. त्यांनी अहवाल हातात घेतला, खिडकीपाशी जाऊन दोन पानं बघितली आणि वळले. "सर, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला असतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सगळे सरांकडे बघायला लागले. हसू त्यांच्या तोंडावर राहिलं, पण नुसतंच राहिलं.

"कार्डं आता नाहीत," ते शेवटी म्हणाले. मग आवाज चढला. "तीस वर्षं दिलीत मी या जनावराला! तुमच्यातल्या कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं तेव्हापासून. थोडा आकडा पुढे ढकलला, एवढंच. आज ना उद्या अडतीस होणारच होती. चांगली बातमी मिळाली, लोक खूश झाले. नुकसान कुणाचं झालं? दाखवा मला, कुणाचं झालं?"

आणि एवढी शिकलेली माणसं मूग गिळून बसली. एकजण तर म्हणालाही, "याला तांत्रिक चूक म्हणता येईल का? सरांचं नाव आहे शेवटी..." मी खुर्चीवरून अर्धी उठले होते.

पण भाची आधी बोलली.

"मी आत्ता दलदलीतूनच येतेय, सर. पहारेकरी उठले तशी फासे लावणारी माणसं आत आली. आठव्या आणि नवव्या कॅमेऱ्याच्या मधल्या वाटेवर तारेचे चौदा फासे निघाले. दोनांत मेलेली मांजरं होती. एक नर, आणि एक मादी. मादी आजच गेलेली, अंग अजून गरम होतं. तिला दूध होतं. मी आणि लेन्सदादांनी पिल्लं शोधली. सापडली नाहीत. दादा अजून तिथेच शोधताहेत."

सरांनी खिडकीकडे मान वळवली.

"त्या दोघांना तुम्ही ओळखत नाही," ती म्हणाली. "मी ओळखते."

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून पहारेकऱ्यांच्या मुकादमाला लावला. "सगळ्यांना घेऊन निघ. हो, आत्ता. लेखी नंतर देतो."

अध्यक्षबाईंनी अहवालातला अडतीसचा आकडा खोडला. यादीतला 'संकटग्रस्त' शब्द होता तसाच ठेवला आणि पेन हातात धरून भाचीकडे बघितलं.

"मग एकोणीस लिहू ना?"

"नाही," माझी भाची म्हणाली. "सतरा लिहा."